जुलैसाठी बॅटरी निवडताना: फोंड्याच्या घरी सौर वीज बसवण्याचा अनुभव

छपरावर सोलर पॅनल असले की वीज गेली तरी घर उजळलेले राहते, असे बहुतेकांना वाटते. साध्या ऑनग्रिड, म्हणजे वीज खात्याच्या लाईनला (ग्रिडला) जोडलेल्या सिस्टिममध्ये तसे होत नाही. वीज खात्याचा पुरवठा बंद झाला की भर दुपारच्या उन्हातही इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छपरावरून येणाऱ्या विजेचा झटका बसू नये म्हणून ही सोय सक्तीची आहे आणि ती योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की ज्यांना वीज गेल्यावरही घर चालवायचे आहे त्यांना बॅटरी आणि हायब्रिड, म्हणजे पॅनल, ग्रिड व बॅटरी तिन्ही सांभाळणारा, इन्व्हर्टर लागतोच. आमच्याकडे पहिल्या पावसात माडाचे चुडत किंवा फणसाची फांदी तारांवर पडली की रात्र काळोखात जाते. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर गोव्यात कित्येक घरांनी दिवसच्या दिवस विजेविना काढले. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये हे काम हाती घेतले तेव्हा मुख्य प्रश्न पॅनलचा नव्हता, बॅटरीचा होता.

पॅनलचे गणित सोपे असते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. हायब्रिड इन्व्हर्टर लावला तरी ते मिळते, पण बॅटरीसाठी वेगळा एक रुपयाही नाही. बॅटरी संपूर्ण आपल्या खिशातून, त्यामुळे तिथली निवड जास्त जपून करावी लागते.

दुकानात जाण्याआधी घरातला रात्रीचा वापर मोजला. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर हजार रुपयांच्या आत मिळतो, तो जरूर घ्या. फ्रिजच्या पाठीवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष वापर यांत मोठा फरक असतो. आमचा अडीचशे लिटरचा फ्रिज २४ तासांत १.१ युनिट घेतो, म्हणजे संध्याकाळी आठ ते सकाळी सहा या दहा तासांत साधारण ०.४५. चार बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे प्रत्येकी ३० वॅटचे, दहा तास, म्हणजे १.२ युनिट. सहा एलईडी दिवे चार तास, ०.२२. फायबरचा डबा आणि राउटर मिळून १५ वॅट, रात्रभर ०.१५. टीव्ही दोन तास ०.१४, मोबाईल-लॅपटॉप ०.१५. बेरीज २.३ युनिटांच्या आसपास. यात एक गोष्ट बहुतेक जण धरत नाहीत: हायब्रिड इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच ४०-६० वॅट खातो. दहा तासांचे ते अर्धे युनिट, शिवाय डीसीची एसी करताना जाणारे सहा-सात टक्के. एकूण ३ युनिट.

हा आकडा हातात आल्यावर मनावरचे ओझे बरेच उतरले. पणजी, मडगाव, फोंडा इथल्या पुरवठादारांनी आधी जे प्रस्ताव दिले होते त्यांत कुणी ५ युनिटांची बॅटरी सुचवली होती, कुणी १५. आकडा स्वतःकडे असला की बोलणे लगेच मुद्द्यावर येते.

इथेच एक हिशेब करून पाहा. पंखे जुन्या पद्धतीचे, ७५ वॅटचे असते तर त्यांनीच रात्रभरात ३ युनिट घेतले असते, म्हणजे १.८ युनिट जास्त. तेवढी वाढीव लिथियम बॅटरी तीस-पस्तीस हजारांच्या घरात जाते. चार बीएलडीसी पंखे बारा हजारांत येतात. बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला.

फेब्रुवारी प्रस्ताव वाचण्यात गेला. दोनच पर्याय खरे होते. एक, १२ व्होल्टच्या १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या, एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट. दुसरा, लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपीची, ५१.२ व्होल्ट १०० एएचची एकच पेटी. पहिल्याची किंमत स्टँड धरून ६९,००० रुपये, दुसऱ्याची ९८,०००, दोन्ही कर धरून.

कागदावर लेड-ॲसिडचा संच मोठा दिसतो. ४८ गुणिले १५० म्हणजे ७,२०० वॅट-तास, अर्थात ७.२ युनिट. एलएफपी ५.१२ युनिटच. पण लेड-ॲसिड अर्ध्याहून खाली उपसली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाती येतात ३.६. एलएफपी ८० टक्के उपसली तरी तिला त्रास नाही, म्हणजे ४.१. शिवाय लेड-ॲसिडमध्ये भरलेल्या विजेपैकी पंधरा-वीस टक्के परत मिळत नाहीत. एलएफपीत हा तोटा पाच टक्क्यांच्या आसपास.

एएचच्या आकड्यापुढे सी१० लिहिले आहे की सी२०, हे बॅटरीच्या अंगावर बघा. सी१० म्हणजे दहा तासांत संपवली तर तेवढी क्षमता मिळते. सी२० म्हणजे वीस तासांत, सावकाश. घरगुती इन्व्हर्टरच्या पुष्कळ बॅटऱ्या सी२० वर मोजलेल्या असतात. त्याच बॅटरीतून दहा तासांत वीज काढली तर १५० ऐवजी १२५ ते १३५ एएचच हाती येतात. सोलरसाठी सी१० वालीच घ्यायची. मला आलेल्या एका प्रस्तावात नुसते १५० एएच एवढेच होते. विचारल्यावर सी२० निघाली. किंमत कमी होती ती त्यामुळेच. प्रस्तावात सी१० हे अक्षर लेखी घ्या, आणि सौर वापराच्या बॅटरीसाठी असलेले आयएस १६२७० हे मानक तिला लागू आहे का तेही.

आता मुख्य मुद्दा. पत्रकांवर सगळीकडे सायकलींची, म्हणजे बॅटरी किती वेळा भरून रिकामी करता येईल त्याची, संख्या मोठ्या अक्षरांत असते, एलएफपीला ६,००० वगैरे. ती २५ अंश तापमानाची असते आणि बारा महिने छान ऊन आहे असे धरलेली असते. गोव्यात बॅटरीची परीक्षा जुलैत होते. तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: वीज जास्त वेळा जाते आणि ऊन सर्वांत कमी असते. म्हणून बॅटरी किती साठवते यापेक्षा ती किती लवकर भरते, आणि अर्धवट भरलेली राहिली तर तिचे काय होते, हे दोन प्रश्न इथे जास्त महत्त्वाचे आहेत.

लेड-ॲसिडला तिच्या एएचच्या साधारण दहा टक्के करंटने भरायचे असते. १५० एएचला १५ अँपिअर. ५४ व्होल्टला ते सुमारे ८०० वॅट झाले. छपरावर ३ किलोवॅटचे पॅनल असले आणि ढग फाटून दोन तास लख्ख ऊन पडले, तरी बॅटरी घेणार ८०० वॅटच. त्यातही ८० टक्क्यांनंतर ती आणखी मंदावते. शेवटचे वीस टक्के भरायला तीन-चार तास लागतात. रात्री वापरलेले ३ युनिट परत भरायला तिला सात-आठ तासांचे सलग ऊन हवे. जुलैत ते कुठून आणणार? मग ती दिवसेंदिवस अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहते, प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि क्षमता कायमची जाते. दिवाळीपर्यंत बॅटरी टिकत नाही अशी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच असते.

एलएफपी ५० अँपिअरने सहज भरते, म्हणजे अडीच किलोवॅटपर्यंत. त्याच दोन तासांच्या उन्हात ती जवळजवळ पूर्ण भरून निघते. आणि ४० टक्क्यांवर आठवडाभर राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. उलट सतत १०० टक्क्यांवर ठेवण्यापेक्षा ते तिला मानवते. माझा निर्णय इथेच झाला.

लेड-ॲसिडची बाजूही खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. ग्रिडची वीज असताना हायब्रिड इन्व्हर्टर त्या विजेवरूनही बॅटरी भरू शकतो. तुमच्या भागात वीज महिन्यातून दोन-चारदा तासाभरासाठीच जात असेल, तर बॅटरी कायम भरलेली राहील आणि चांगली ट्युब्युलर पाच-सहा वर्षे निघेल. दुरुस्ती गावात होते, जुनी परत देताना शिशाचे पैसे मिळतात. पण तिला हवेशीर जागा द्यावीच लागते. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने चारही बॅटऱ्यांचा प्रत्येक खण तपासा. ट्युब्युलरला पूर्ण भरल्यावर १.२४० च्या आसपास आकडा येतो. एखादा खण इतरांपेक्षा ०.०३० ने मागे असेल तर इक्वलायझेशन चार्ज, म्हणजे सगळे खण सारखे करणारा जादा चार्ज, द्यायची वेळ झाली. इन्व्हर्टरसोबत येणारी तापमानाची वायर बॅटरीच्या अंगाला चिकटवा, ती लोंबकळत ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचे आयुष्य साधारण निम्मे होते. एप्रिल-मेमध्ये कौलांखालच्या माळ्यावर ती ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

या सगळ्याबरोबर कागदांचे काम चालू होते. सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करताना वीजबिलावरचे नाव, आधार आणि बँक खाते एकाच व्यक्तीचे लागते. गोव्यातल्या जुन्या घरांत मीटर आजोबांच्या नावावर असणे अगदी नेहमीचे. आमचेही तसेच होते. नाव बदलण्याचा अर्ज वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात जानेवारीच्या अखेरीस दिला. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, इतर वारसांचे ना-हरकत पत्र आणि थकबाकी नसल्याचे शेवटचे बिल एवढे जोडले. वारस मुंबईत किंवा परदेशात असतील तर त्यांच्या सहीलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नव्या नावाचे बिल आले आणि २४ फेब्रुवारीला पोर्टलवर अर्ज भरला. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना आता तांत्रिक व्यवहार्यतेच्या वेगळ्या अभ्यासाची गरज राहिलेली नाही, त्यामुळे मंजुरी पटकन आली.

पोर्टलवरच्या नोंदणीकृत पुरवठादारांपैकी एकाशी मार्चच्या पहिल्या आठवड्यात करार केला. करारात चार गोष्टी वेगळ्या लिहून घेतल्या: पॅनल देशी सेलचे, म्हणजे डीसीआर असतील, कारण नाहीतर अनुदान नाही, बॅटरीचे मॉडेल आणि अनुक्रमांक बिलावर येतील, बॅटरी बारा महिन्यांपेक्षा जुन्या उत्पादनाची नसेल, आणि शेवटचे १५ टक्के पैसे क्षमता-चाचणीनंतर. शेवटच्या अटीवर पुरवठादाराने आधी कुरकुर केली, मग मान्य केले.

एलएफपी घ्यायची ठरल्यावरही निवड संपत नाही. बाजारात स्थानिक पातळीवर जुळवलेल्या पेट्या तीस टक्के स्वस्त मिळतात. आत कोणते सेल आहेत, नवे की गाडीतून काढलेले, हे बाहेरून कळत नाही. लिथियम बॅटरीच्या सुरक्षिततेचे मानक असलेल्या आयईसी ६२६१९ चे प्रमाणपत्र मागा, आणि ते त्याच मॉडेलचे आहे का ते पाहा. सेलचे प्रमाणपत्र दाखवून पेटी खपवण्याचा प्रकार चालतो. मग वॉरंटीचा पूर्ण कागद मागा, दोन पानी जाहिरात नव्हे. त्यात हे शोधा: वर्षे, सायकली आणि एकूण दिलेली वीज यांपैकी जे आधी संपेल ते लागू आहे का, शेवटी किती टक्के क्षमतेची हमी आहे, ६० की ८०, पन्नासेक किलोची पेटी दुरुस्तीसाठी नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, सर्व्हिस सेंटर गोव्यात आहे की पुण्याला. समुद्रकाठच्या घरांनी आणखी एक ओळ शोधावी. काही इन्व्हर्टरांच्या अटींत समुद्रापासून ५०० मीटरच्या आत बसवल्यास वॉरंटी नाही किंवा खास परवानगी हवी असे असते. कळंगुट, मोरजी, कोलवा इथल्या लोकांसाठी ही ओळ किमतीपेक्षा मोठी आहे.

तिसरी तपासणी, बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांशी बोलतात का. एलएफपीच्या आत बीएमएस नावाचा नियंत्रक असतो. तो कॅन किंवा आरएस४८५ केबलने इन्व्हर्टरला सांगतो, आता इतका करंट दे, आता थांब. इन्व्हर्टर कंपनीच्या सुसंगत बॅटऱ्यांच्या यादीत तुमचे मॉडेल नावानिशी असले पाहिजे. ‘चालते, काही अडचण येत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

चौथी, बीएमएसची कमाल डिस्चार्ज मर्यादा. काही १०० एएचच्या पेट्या ५० अँपिअरच देतात, म्हणजे अडीच किलोवॅट. त्यांच्यावर ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर लावला आणि मिक्सर व इस्त्री एकदम चालू झाली की बॅटरी स्वतःला तोडून घेते. मी १०० अँपिअरची घेतली.

पॅनल आणि सांगाडा मार्चअखेर आले. बॅटरी सांगितल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा, १७ एप्रिलला. जागा घराच्या उत्तरेकडच्या कोठीच्या खोलीत ठरली होती: पश्चिमेचे ऊन नाही, वर स्लॅब, झोपण्याची खोली लागून नाही. एलएफपीचे सेल ठरावीक तापमानाच्या वर गेले की बीएमएस चार्जिंग थांबवतो, म्हणजे ऐन मेच्या दुपारी, भरपूर ऊन असताना, बॅटरी रिकामी राहू शकते.

फिटर म्हणाला, “काका, भिंतीवरच टांगू, जागा वाचेल.” भिंत चिऱ्यांची. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यात साधा अँकर बोल्ट पन्नास किलोचे वजन वर्षानुवर्षे धरून ठेवेल याची खात्री नाही, आणि पावसात तो ओलावा सोडतो. जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच लोखंडी स्टँड करून घेतला, भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून. बाजूला कलंडू नये एवढ्यापुरता वर एक पट्टा भिंतीला, आरपार बोल्टने. स्टँडला २,६०० रुपये पडले.

केबलबाबत हट्ट धरा. ५ किलोवॅटला ४८ व्होल्टवर शंभर अँपिअरहून जास्त करंट वाहतो, म्हणून ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, दोन्ही बाजूंनी दोन मीटरच्या आत. केबलच्या टोकाचे लग कथिलाचा मुलामा दिलेले, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले. हातोडीने ठोकलेले नकोत. खाऱ्या-दमट हवेत उघड्या तांब्यावर हिरवा थर चढतो, सांधा तापतो, आणि आग लागते ती अशा सांध्याला. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज आणि दोन पोलचा डीसी ब्रेकर. एसीचा एमसीबी इथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. पॅनलच्या बाजूला आणि एसी बाजूलाही सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक उसळीपासून संरक्षण), वेगळे अर्थिंग. इन्व्हर्टरच्या हवेच्या झरोक्यांवर बारीक जाळी लावून घ्या. पाली आणि मुंग्या सर्किट बोर्डावर जातात आणि गोव्यात हे वर्षभर चालते. मात्र जाळी पंख्याची हवा अडवेल इतकी दाट नको.

सर्वांत वेळखाऊ काम निघाले बॅकअपचे वेगळे वायरिंग. हायब्रिड इन्व्हर्टरला दोन एसी टोके असतात, एक ग्रिडकडे आणि एक बॅकअपकडे. वीज गेल्यावर जे चालायला हवे तेवढेच सर्किट बॅकअपच्या छोट्या डीबीवर (वितरण पेटीवर) घ्यायचे. जुन्या घरात सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकाच ठिकाणी बांधलेले असतात. बॅकअपचे फेज वेगळे काढून न्यूट्रल तसेच ठेवले तर आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडतो, आणि दोष बॅटरीवर येतो. न्यूट्रलही वेगळे काढावे लागतात. इलेक्ट्रिशियनने दोन दिवस घेतले, ११,५०० रुपये सामानासह. विहिरीचा एक एचपीचा पंप, गिझर आणि एसी बॅकअपवर घेतले नाहीत. पंप चालताना पाऊण-एक किलोवॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो. त्यापेक्षा टाकी दिवसा भरून ठेवावी.

२१ एप्रिलला सिस्टिम चालू केली तर इन्व्हर्टरच्या पडद्यावर बीएमएसशी संपर्क नसल्याची सूचना. दोन्ही टोकांचे सॉकेट आरजे४५ असले तरी आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. साधी इंटरनेटची केबल लावून भागत नाही. योग्य केबल यायला दहाएक दिवस लागले. तोवर इन्व्हर्टर व्होल्टेजवर चालवला: सोळा सेलच्या पेटीला चार्ज ५६ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवण्याचे व्होल्टेज) ५४, खालची मर्यादा ४९. तेवढ्या काळापुरते हे ठीक, पण कायमचे ठेवू नका. एलएफपीचे व्होल्टेज २० ते ८० टक्क्यांत जवळपास सपाट असते, त्यावरून किती भरली आहे ते कळत नाही. केबल आल्यावर बॅटरीच्या बाजूचे छोटे डीआयपी स्विच पुस्तिकेप्रमाणे लावले आणि टक्केवारी दिसू लागली.

मग क्षमता-चाचणी. बॅटरी १०० टक्के भरली, ग्रिड आणि पॅनल दोन्हीचे स्विच पाडले, बॅकअपवर वॅटमीटर लावून १,००० वॅटचा हिटर जोडला आणि बॅटरी १० टक्क्यांवर येईपर्यंत चालवला. ५.१२ चे ९० टक्के ४.६, त्यातून इन्व्हर्टरचा तोटा जाता ४.२ ते ४.३ युनिट मिळायला हवेत. ४.२५ मिळाले. चारच्या खूप खाली आले तर शेवटचे पैसे देऊ नका, आधी सेलचे व्होल्टेज बघायला सांगा. एखादा सेल मागे राहिला असला की पूर्ण पेटी लवकर थांबते.

८ मे रोजी वीज खात्याकडून पाहणी झाली. बॅटरीसह काढलेला सिंगल लाईन डायग्राम, इन्व्हर्टरची आयएस १६२२१ आणि आयएस १६१६९ ची प्रमाणपत्रे आणि अर्थिंगचे मोजमाप मागितले. आयएस १६१६९ हेच ते ग्रिड गेल्यावर लाईनवर वीज न सोडण्याचे मानक. अधिकाऱ्यांनी मेन स्विच पाडून मीटरकडच्या टोकाला वीज येत नाही हे समोर तपासले. आठवड्याने दुतर्फा मीटर, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा नेट मीटर, बसला. बँक तपशील आणि रद्द केलेला धनादेश पोर्टलवर चढवला, ७८,००० रुपये जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यावर आले. अनुदान येईपर्यंत सगळे पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात, याची तजवीज असू द्या. पॅनल, इन्व्हर्टर, सांगाडा, मजुरी मिळून २,४५,००० आणि बॅटरी ९८,००० असा एकूण आकडा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के आणि लेड-ॲसिड बॅटरीवरचा २८ वरून १८ टक्के झाला आहे. लिथियमवर आधीपासून १८ होता, तो तसाच आहे. म्हणून जुने प्रस्ताव कुणाकडून आले असतील तर ते नव्याने मागा. दोन प्रकारांतले अंतर आता थोडे वाढले आहे.

त्या वर्षी मे संपायच्या आतच पाऊस उतरला. इन्व्हर्टर ‘सेल्फ यूज’वर ठेवलेला होता, कारखान्यातून तसाच येतो. यात रोज संध्याकाळी घर बॅटरीवर चालते. मी तो ‘बॅकअप’वर नेला, आणि नेट मीटर असलेल्या प्रत्येकाला हेच सांगेन. ९८,००० रुपयांची बॅटरी, ६,००० सायकली, दर वेळी ४ युनिट: म्हणजे बॅटरीतून काढलेल्या प्रत्येक युनिटला नुसती बॅटरीची झीजच चार रुपये. गोव्यात घरगुती विजेचा सुरुवातीच्या टप्प्यांचा दर त्याहून कमी आहे. दिवसाची जादा वीज ग्रिडला द्या, रात्री तीच परत घ्या आणि बॅटरी वीज जाईल तेव्हासाठी राखून ठेवा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत राखीव पातळी, म्हणजे ग्रिड असताना बॅटरी ज्याखाली उतरू द्यायची नाही ती, ९० टक्के ठेवतो. ऑक्टोबर ते मे ६० टक्के पुरते, कारण उष्ण दिवसांत सतत पूर्ण भरलेली ठेवल्याने एलएफपी म्हातारी होते. महिन्यातून एकदा मात्र १०० टक्के भरू द्यायची आणि तासभर तिथेच ठेवायची. बीएमएस त्याच वेळी सेल समतोल करतो आणि टक्केवारीचा हिशेब जुळवतो. हे केले नाही तर पडद्यावर ३५ टक्के दिसत असताना बॅटरी अचानक बंद होते.

फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ३.२७ किलोवॅटच्या पॅनलवर दिवसाला १३-१४ युनिट मिळण्याची अपेक्षा धरता येते. जुलैच्या संततधारेत ते ३ युनिटांपर्यंत उतरले. तरी एवढ्यातही बॅटरी भरून निघते, कारण तिला हवेतच ३ युनिट आणि करंटची आडकाठी नाही. जुलैच्या मध्यावर एकदा लाईनवर झाड पडून वीज संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सकाळी बॅटरी २२ टक्क्यांवर होती. पाऊस साडेनऊला उघडला, आणि अकरापर्यंत ती ६१ वर गेली. त्या दीड तासात लेड-ॲसिडने फार तर यातले साठ टक्के घेतले असते. चवथीत माटोळीखालची (गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-फुलांच्या सजावटीखालची) दिव्यांची माळ आणि पाहुण्यांमुळे वाढलेले पंखे धरून एका रात्री चार तासांत १.९ युनिट गेले. मोठ्या घरांनी सणाच्या रात्रीचा वेगळा हिशेब करावा.

जुनी इन्व्हर्टर बॅटरी घरात असेल तर ती या संचाला जोडण्याचा मोह टाळा. लेड-ॲसिड आणि एलएफपी कधीही समांतर जोडायच्या नाहीत, दोघींचे चार्ज व्होल्टेज वेगळे. ती विक्रेत्याला परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाल्याकडे गेली तर ॲसिड गटारात ओतले जाते आणि आपल्याकडे गटार शेताला आणि विहिरीला मिळते.

आणि पुढे दुसरी एलएफपी पेटी वाढवायचा विचार असेल तर तो वर्ष-दोन वर्षांच्या आत करा, त्याच कंपनीचे तेच मॉडेल घ्या. जोडण्याआधी दोन्ही पेट्या वेगवेगळ्या १०० टक्के भरा, दोघींच्या व्होल्टेजमधला फरक मीटरने मोजा आणि ०.१ व्होल्टच्या आत आल्यावरच ब्रेकर चढवा. फरक जास्त असताना जोडल्या तर एकीतून दुसरीत क्षणात मोठा करंट धावतो आणि बीएमएस जळू शकतो. दोन्ही पेट्यांपासून बसबारपर्यंतच्या, म्हणजे केबल एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीपर्यंतच्या, केबल सारख्याच लांबीच्या ठेवा, आणि डीआयपी स्विचवर दुसऱ्या पेटीचा पत्ता बदलायचे लक्षात असू द्या. दोघींचा पत्ता एकच राहिला तर इन्व्हर्टरला एकच बॅटरी दिसते.